फाईल समोर, तरी सापडेना

सॉफ्टवेअरचा बिल्ड का फेल झाला याची नोंद मी २००९ पासून एका दोनशेपानी वहीत ठेवतो. वही आता उत्रोलीच्या घरी फडताळात असते. परवा पुन्हा चाळली, तर कोडच चुकलाय अशी पानं फार थोडी. बहुतेक ठिकाणी एका मशीनने मनाशी जे धरलं होतं, ते दुसऱ्याने धरलंच नव्हतं.

पहिली नोंद टॅबची. ‘मेक’ या बिल्डच्या साधनाला सूचना देणाऱ्या मेकफाईलमध्ये कमांडच्या आधी टॅबच लागतो. विंडोजवरच्या एडिटरने गुपचूप त्याच्या जागी स्पेस भरल्या होत्या. डोळ्यांना दोन्ही सारखंच, मेक मात्र ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसलं. मेक लिहिलं स्टुअर्ट फेल्डमन यांनी, १९७६ साली, बेल लॅब्जमध्ये. टॅबचा नियम बदलावा असं त्यांनाही वाटलं होतं. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यांचं बिघडायला नको म्हणून राहू दिला. त्या डझनभरांची भीड आम्ही अजून निस्तरतोय.

२०१३ च्या एका नोंदीने चार पानं खाल्ली आहेत. विंडोजवर दुरुस्त केलेली स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवली. चालवली, तर उत्तर: ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’. यादी काढली की फाईल समोर दिसते. परमिशन पाहिल्या, पाथ पाहिला, नाव पुन्हा टाईप केलं. संध्याकाळी ‘कॅट’ला ‘ए’चा पर्याय देऊन फाईल छापली, तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी एक ‘एम’ लटकलेला दिसला. टेलिप्रिंटरच्या काळात ओळ संपली की आधी गाडा डावीकडे न्यायचा, मग कागद वर सरकवायचा. विंडोज अजून या दोन्ही कामांची चिन्हं लिहितं, युनिक्सला एक पुरतं. स्क्रिप्ट कोणी चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीतल्या ‘बॅश’ला तो जास्तीचा ‘एम’ चिकटला होता आणि लिनक्स त्या नावाचा प्रोग्रॅम शोधत होतं. तो नव्हताच. म्हणजे मशीन खरं बोलत होतं. मीच वेगळ्या फाईलबद्दल ऐकत होतो.

फाईलच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉलच्या नोंदी मोजल्या नाहीत. विंडोज आणि मॅक एरवी हा भेद मानत नाहीत, लिनक्स मानतं. देवनागरीत वाढलेल्या माणसाला तो तसाही उपराच.

२०२० चा पावसाळा मी उत्रोलीतच काढला. भाटघरला धरणावर वीज तयार होते, आणि वारा सुटला की आमच्याकडची जाते. एकदा मेव्हन हे बिल्डचं साधन लायब्ररी उतरवत असताना राऊटर बंद पडला. तासाभराने नेट आलं, तरी बिल्ड लागलीच फेल. फाईल मिळाली नाही हे मेव्हनने लिहून ठेवलं होतं, आणि त्या जोरावर ते पुन्हा मागायलाच तयार नव्हतं.

आई म्हणाली, “अरे, लाईट आली की. आता कशाला अडलंय?”

“त्याला अजून कळलं नाही, आई.”

कमांडपुढे ‘यू’ जोडला, तेव्हा कुठे त्याने पुन्हा विचारलं.