अंगठा लागत नाही

आधारसाठी अंगठा घेणाऱ्या एल-झिरो थंब मशीन बाद झाल्या, एल-वन आल्या. मिरजगावात आम्ही नवी मशीन घेतली. ती एका फोनवर चालते, दुसऱ्यावर नाही, आणि का चालत नाही हे तो दुसरा फोन आजही सांगत नाही.

ही मशीन ज्या यूएसबीने फोनला जोडतात, ती 1996 साली आली. पुढची पंधरा वर्षे माउस आणि प्रिंटरमध्ये गेली, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. एवढे मात्र खरे की प्रिंटरच्या खोक्यावर तो कोणत्या विंडोजवर चालेल ते छापलेले असे. आज फोनला उपकरण जोडणाऱ्या ओटीजी केबलच्या पाकिटावर काहीच नसते.

2011 मध्ये अँड्रॉइड 3.1 आले आणि इतर उपकरणे थेट फोनला जोडता येऊ लागली. पण जोडलेले उपकरण चालले नाही तर का, हे फोन सांगत नसे. त्याची खरी झळ बसली ती शेतकरी कर्जमाफीच्या काळात. 2017 ला ऑनलाइन अर्ज झाले. 2020 च्या फेब्रुवारीत याद्या लागल्या आणि आधार प्रमाणीकरणासाठी केंद्रावर रांगा लागल्या. मशीन फोनला लावली की लाल दिवा लागे. दिवा लागला म्हणजे मशीन चालू, असे सगळे धरून चालत. प्रत्यक्षात केबलमधून वीज तेवढी आलेली असे, फोनने मशीन स्वीकारलेलीच नसे. म्हातारी माणसे कांदा काढून चिरलेला अंगठा धोतराला पुसत, पुन्हा टेकवत. ‘माझाच अंगठा लागंना,’ म्हणत खाली मान घालून परत जात. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कारण फोनला सगळे ठाऊक असते. जोडल्याबरोबर उपकरण आपला कंपनी क्रमांक, उत्पादन क्रमांक, प्रकार आणि किती मिलिअँपिअर वीज लागेल ते सांगते. प्रत्येक उपकरण चालवून दाखवा, असे कोणी म्हणत नाही. छोट्या होस्टने, म्हणजे फोनसारख्या उपकरण जोडून घेणाऱ्या यंत्राने, यादीतली मोजकीच उपकरणे चालवावीत, हे यूएसबीच्या नियमांनाही मान्य आहे. पण ओटीजी आणि एम्बेडेड होस्टसाठी 2009 मध्ये सुधारलेल्या त्याच नियमांत हेही आहे की यादीबाहेरचे उपकरण लागले तर वापरणाऱ्याला तसे कळवायचे, गुपचूप नापास व्हायचे नाही. हे काम एकेका अॅपवर ढकलून चालणार नाही. जोडणी झाल्याचे आधी ऑपरेटिंग सिस्टीमला कळते, तेव्हा सांगायचेही तिनेच. ड्रायव्हर नाही, वीज पुरत नाही, हब चालत नाही, ही तीन कारणे वेगवेगळी आणि मराठीत पडद्यावर आली पाहिजेत, अंगठा मागण्याच्या आधी.