डोंगर धरून ठेवणारी मुळे

वर्गातल्या दहा मुलांनी हात पसरून कडे केले, तर ते जेमतेम पुरेल एवढ्या घेराचे झाड तुम्ही पाहिले आहे काय? न्यूझीलंडच्या वायपोआ वनात कौरी जातीचे असे एक झाड आहे. त्याच्या खोडाचा घेर सुमारे १३.८ मीटर आहे. माओरी लोक त्याला ‘ताने माहुता’, म्हणजे वनाचा स्वामी, म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात डोलकाठ्या आणि घरे यांसाठी कौरीची बेसुमार तोड झाली. मेंढ्यांच्या कुरणांसाठी कितीतरी रान जाळले गेले. कौरी मोठा व्हायला शतके लागतात. मग लाकूड आणायचे कोठून? उत्तर मिळाले ते मूळच्या कॅलिफोर्नियातील रेडिएटा पाइन या झाडात. सौम्य हवा आणि वर्षभर पडणारा पाऊस यांमुळे ते न्यूझीलंडमध्ये झपाट्याने वाढते आणि साधारण २८ वर्षांत तोडीला येते. आज तेथे लागवडीची वने सुमारे १८ लक्ष हेक्टर असून त्यांपैकी नऊ-दशांश पाइनची आहेत. देशी वने सुमारे ८० लक्ष हेक्टर आहेत. तरीही जवळजवळ सर्व लाकूड लागवडीतूनच निघते. देशी वनांवरची कुऱ्हाड पाइनने आपल्यावर घेतली, असे म्हणा ना!

मग सारे ठीक झाले? थांबा, आधी एक प्रयोग करा. ताटात ओलसर वाळूचा ढीग करा. तो उभा राहतो. आता त्यावर भरपूर पाणी ओता. तो ढासळतो. असे का? कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की ढिगाचा काही भार पाणीच पेलू लागते. कण एकमेकांवर पूर्वीइतके दाबले जात नाहीत आणि त्यांच्यातील घर्षण घटते. वाळूत सुतळीचे तुकडे मिसळून हाच प्रयोग पुन्हा करा आणि फरक पाहा. डोंगरउतारावर सुतळीचे हे काम मुळे करतात.

गिसबोर्न भागातील डोंगर मऊ खडकांचे आणि तीव्र उताराचे आहेत. १९८८ मध्ये ‘बोला’ चक्रीवादळात तेथील कुरणांचे उतार ठिकठिकाणी घसरले. माती धरून ठेवण्यासाठी मग पाइन लावण्यात आले. त्यांनी ते काम चोख केले. पण पुढे झाडे तोडीला आली! एकेका उतारावरची सगळी झाडे एकदम तोडली जातात. जुनी मुळे काही वर्षांत कुजतात आणि नव्या रोपांची मुळे अजून कोवळी असतात. या मधल्या काळात डोंगर जणू उघडाच असतो. जून २०१८ मधील अतिवृष्टीत आणि फेब्रुवारी २०२३ च्या ‘गॅब्रिएल’ वादळात मातीबरोबर तोडीनंतर उरलेल्या फांद्या व ओंडकेही वाहून आले. ते पुलांना जाऊन अडले, शेतांत घुसले आणि समुद्रकिनाऱ्यांवर त्यांचे ढीग साचले.

पाइन हा गुन्हेगार नव्हे. लाकूड हवे, तर झाड तोडावेच लागेल. पण सपाट जमिनीवर चालणारी रीत तीव्र उतारावर चालेलच असे नाही. असा उतार तुमच्या ताब्यात दिला, तर तेथे कोणती झाडे लावाल? आणि एका वेळी किती तोडाल? वाळूच्या ढिगाकडे पाहत जरा विचार करा.