मेंबरला नाली मागता, पण गावाचा आराखडा पाहिला काय? ग्रामपंचायत सदस्याचं काम नेमकं काय असते

यवतमाळ : पाऊस लागला की जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, नाली तुंबली आणि पाणी घरात शिरलं. दुसरी, पांदण बंद झाली, शेतात बंडी जात नाही. दोन्ही तक्रारी घेऊन माणूस पहिले जातो तो वॉर्डातल्या मेंबरकडे. मेंबर म्हणतो, सरपंचाले सांगतो. सरपंच म्हणतो, निधी नाही. निधी कुठं गेला असं विचारलं तर सचिवाकडे बोट. नाली मात्र पुढच्या मृगापर्यंत तशीच.

यात मेंबर खोटं बोलतो असं नाही. पण नालीचा पैसा जुलै महिन्यात मागून मिळत नसतो. तो ठरतो आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आगंमागं, आणि तेव्हा ना मेंबर सभेत बोललेला असतो, ना गावकरी हजर असतात. हे कसं, ते समजून घेणं गरजेचं आहे.

ग्रामपंचायतीचा कारभार चालतो तो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर. लोकसंख्येप्रमाणं सदस्य किती ते त्यात ठरलेलं आहे, कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७. दीड हजारापर्यंतच्या गावात ७, तीन हजारापर्यंत ९, असं वाढत जाते. एका वॉर्डातून दोन किंवा तीन सदस्य निवडून येतात, म्हणून आपला मेंबर एकच आहे असं समजू नये. निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. सरपंच आता थेट जनतेतून निवडल्या जातो. २०१७ मध्ये ही पद्धत आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळं सरपंच निवडायचं मेंबरचं जुनं वजन कमी झालं हे खरं. पण मासिक सभेत मत त्याचंच आहे. बैठकीमागं २०० रुपये भत्ता मिळतो. एका दिवसाची मजुरीही त्यात सुटत नाही, हेही गावानं ध्यानात ठेवावं.

या मेंबरकडे दोन मोठी कामं आहेत. पहिलं, मासिक सभेत बसून खर्चावर, कामांवर, करावर निर्णय घेणं आणि सही करण्याआधी वाचणं. दुसरं काम बहुतेक गावात कोणी करतच नाही, ते म्हणजे वॉर्डसभा. ग्रामसभा होण्याआधी आपल्या वॉर्डातल्या मतदारांची सभा घ्यायची, कोणतं काम पाहिजे, घरकुलाचा किंवा दुसऱ्या योजनेचा लाभ कोणाला द्यावा यावर त्यांचं म्हणणं घ्यायचं आणि ते ग्रामसभेत मांडायचं, अशी व्यवस्था आहे. तशीच महिलांची सभाही ग्रामसभेआधी झाली पाहिजे. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघरी फिरते, सह्या होतात, सभा झाली असं लिहिल्या जाते. सही करणारेही आपणच असतो.

आता पैशाचं. केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगाचा कालावधी २०२०-२१ ते २०२५-२६ असा होता. महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के. पण तो मन मानेल तसा खर्च करता येत नव्हता. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पैसा बंधित होता, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर. उरलेला ४० टक्के अबंधित. उदाहरण घ्या. गावाला १० लाख आले, तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे आणि ४ लाख मोकळे. त्या चारातून पगार देता येत नाही. आता चार मेंबरांनी आपापल्या वॉर्डात सिमेंट रस्ता कबूल केला असेल, तर चौघांचा रस्ता त्या चार लाखातच बसवायचा आहे. सांडपाण्याची नाली मात्र स्वच्छतेच्या तीन लाखात बसू शकत होती. मेंबरला हे माहीत असतं, तर त्यानं रस्त्यासाठी भांडण्याऐवजी पहिले नाली मागितली असती. आयोग बदलला की टक्के बदलू शकतात, बंधित कोणतं आणि मोकळं कोणतं हे दरवर्षी विचारावंच लागते.

या निधीतून काम करायचं तर ते आराखड्यात असलंच पाहिजे. "आमचं गाव, आमचा विकास" या नावानं २०१५ पासून राज्यात ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होतो. साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू होते, दोन-तीन महिन्यांत ग्रामसभेची मंजुरी घेऊन तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवतात. जे काम त्यात नाही, त्याचं बिल त्या पोर्टलवरून निघत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणीचे दिवस, मागं कापूस वेचणी उभी. ग्रामसभेत जायला माणूस मोकळा नसतो, आणि नेमका त्याच वेळेत गावाचा पुढच्या वर्षाचा पैसा वाटल्या जातो. कोणाला दोष देऊन उपयोग नाही, पण घरातलं एक माणूस तरी त्या दिवशी सभेत पाहिजे.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. पाचशे मतदारांच्या गावात ७५ माणसं पुरे. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग वीस माणसांत आराखडा मंजूर होतो आणि तो कायदेशीर असतो. "मी गेलो नव्हतो, मले मंजूर नाही" याला अर्थ राहत नाही.

नाव आराखड्यात आलं म्हणजे काम झालं असंही नाही. पंचायत समितीचा अभियंता इस्टिमेट करतो, तांत्रिक मान्यता होते, काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, मग सरपंच आणि सचिव (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या डिजिटल सहीनं पैसे जातात. मेंबरची सही यात कुठंच नाही. पण मासिक सभेत मोजमाप पुस्तिका दाखवा असं तो म्हणू शकतो, कामाची लांबी-रुंदी जागेवर जाऊन टेपनं पाहू शकतो. दहा मिनिटांचं काम आहे, अन् ते करणारा मेंबर गावात लवकर ओळखू येतो.

पांदणीचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात मेंबरला फुकटच्या शिव्या बसतात. आपल्या काळ्या जमिनीत दोन पाऊस पडले की बंडीचं चाक आखापर्यंत रुतते. खत नेता येत नाही, माल आणता येत नाही, शेतात कोणाला साप चावला तर उचलून आणावं लागते. मातीकाम आणि खडीकरणासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ पासून आहे. पण रस्ता अडवला असेल तर तो मोकळा करायचा अधिकार मेंबरकडे नाही. चालू वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवीन पाहिजे असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हीत गल्लत केली की अर्ज फेटाळल्या जातो आणि हंगाम जातो. मेंबर यात इतकंच करू शकतो, की आजूबाजूच्या शेतकऱ्यांना एका ठिकाणी बसवून संमती घ्यायची आणि ग्रामसभेचा ठराव अर्जासोबत जोडायचा. तेवढं झालं तरी अर्धं भांडण मिटते. गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण मात्र ग्रामपंचायत स्वतः काढू शकते, कलम ५३ नुसार.

अतिक्रमणावरून आठवलं. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. घरच्यांच्या नावानं असलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही ही अपात्रता लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलं. कर थकला, घरी शौचालय नाही, विनापरवानगी सहा महिने सभेला आला नाही, यावरूनही पद जाऊ शकते. म्हणूनच काही मेंबर नालीवरचा ओटा काढा असं शेजाऱ्याला म्हणायला कचरतात. त्यांचाही ओटा तिथंच असतो.

पाण्याचा हिशेब मेंबरनं स्वतः मांडून पहावा. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. दीड हजार वस्तीच्या गावाला रोज ८२ हजार ५०० लिटर पाहिजे. टाकी केवढी, विहिरीला मे महिन्यात पाणी किती तास टिकते, हे गावातल्या बायांना कागदापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून महिला सभा कागदावर घेणं परवडत नाही. आणि जिथं सदस्या निवडून आलेली आहे तिथं सभेत बसायचा, मत द्यायचा अधिकार तिचाच आहे, तिच्या मालकाचा नाही. "पती मेंबर" हा प्रकार कायद्यात नाही, फक्त आपल्या गावात आहे.

पाण्याच्या आराखड्याचं मोठं उदाहरण नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं. पोपटराव पवार तिथं १९८९ मध्ये सरपंच झाले. पाऊस किती पडला ते मोजून पहिले पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं, शेतीसाठी बोअर मारायचा नाही, असे नियम त्या गावानं स्वतःवर घालून घेतले. पवारांना पुढं पद्मश्री मिळाली. ज्या आदर्श गाव योजनेत हे गाव आलं ती राज्यात १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या पुसद तालुक्यातले सुधाकरराव नाईक. जलसंधारणाचं वेगळं खातंही त्यांच्याच काळातलं. त्यांची सुरुवात गहुलीच्या सरपंचपदापासून झाली होती. त्यांचे काका वसंतराव नाईक पुसदचे नगराध्यक्ष होते, आणि राज्यात जिल्हा परिषद-पंचायत समिती कशी असावी हे सुचवणारी १९६०-६१ ची समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. तिच्यावरून झालेला कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला. म्हणजे ही सगळी व्यवस्था बांधण्यात याच जिल्ह्याचा हात आहे. त्याच जिल्ह्यात २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर लोकांनी निवडलेला, रोज भेटणारा माणूस उरला तो ग्रामपंचायतीचा मेंबरच.

२२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुरात माणसं अडकली होती, हे सगळ्यांना आठवत असेल. नाल्याच्या काठची घरं, बुजलेला ओढा, पाण्याच्या वाटेवर टाकलेला मुरूम, हे विषय आराखड्यात लिहायचे असतात. ते लिहायला निधी लागत नाही, माहिती लागते, आणि ती वॉर्डातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते.

मारेगाव, झरी जामणी, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांतली कित्येक गावं पेसात येतात. तिथं पाडा किंवा वस्तीही स्वतःची ग्रामसभा मागू शकते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी अशा गावांना २०१५ पासून थेट मिळतो आणि त्याचा खर्च ग्रामसभा ठरवते. पेसा गावात राहूनही आपलं गाव पेसात आहे हे माहीत नसलेले लोक आहेत, त्यांनी पंचायत समितीत विचारावं.

गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही, म्हणजे घरपट्टीसारख्या करातून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात. तो खर्च कुठं झाला हे मेंबरला विचारता येते.

आपल्या गावाचा चालू वर्षाचा आराखडा मोबाईलवर दिसतो. ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर किंवा "मेरी पंचायत" ॲपवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की कामांची नावं आणि रक्कम येते. मोबाईलवर नाही जमलं तर ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. १० रुपये फी आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. अर्जात "विकास आराखड्याची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि उपस्थितीच्या सह्यांचं पान" असं स्पष्ट लिहावं. सह्यांच्या पानावर आपलंही नाव सापडू शकते.