गोव्याची फिर्याद, मुंबईचा करारनामा

चौदा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे एकूण ९१ सामने, आणि त्यांत बाद फेरीचा एकही सामना नाही, असे २०२५-२६ च्या इंडियन सुपर लीगचे वेळापत्रक जाहीर झाले, तेव्हा ही लीग कोणत्या संकटातून कशीबशी वाचली याची वाच्यता इतकी झाली होती की, त्या गडबडीत प्ले-ऑफ नावाची एक संस्था निमूटपणे निकालात निघाली याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यावसायिक चालक यांच्यातील दीर्घ मुदतीचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला, मोसम लांबत लांबत १४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत गेला, दिवस थोडे उरले, आणि थोड्या दिवसांत जे बसत नव्हते ते कापून टाकण्यात आले. ही काटछाट केवळ सोयीसाठी झाली. तिच्यामागे काही तत्त्वविचार होता असे कोणी मानण्याचे कारण नाही. परंतु फातोर्ड्याच्या प्रेक्षागारात आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलात गेली कित्येक वर्षे जो वाद हिरिरीने चालत आला आहे, त्याच्या मुळावरच हा घाव बसला असल्यामुळे, आता तरी त्या वादाची कागदपत्रे शांतपणे चाळून पाहावीत असे वाटते.

वादाचा मुद्दा सर्वविदित आहे. एफसी गोवाचे कैवारी म्हणतात की, वर्षभर उत्तम खेळ करायचा आणि शेवटच्या आठवड्यातील दोन-चार सामन्यांनी सर्वस्व हिरावून न्यायचे, हा न्याय नव्हे. मुंबई सिटीचे कैवारी म्हणतात की, ज्याला शेवटचा आठवडा पेलत नाही त्याने विजेतेपदाची भाषा करू नये. आकडे पाहिले तर गोव्याची फिर्याद वरकरणी भक्कम दिसते. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत गोवा आठ वेळा बाद फेरीत पोहोचला, दोनदा अंतिम सामना खेळला, आणि चषक एकदाही त्याच्या हाती लागला नाही. मुंबई याच अवधीत सहा वेळाच तेथवर पोहोचली, तीही अंतिम सामना दोनदाच खेळली, आणि दोन्ही चषक घेऊन परतली.

गोव्याच्या दु:खाची यादी मोठी असली तरी तिच्यातील सर्वच नोंदी सारख्या वजनाच्या नाहीत. २०१५ चा अंतिम सामना आठवा: स्वतःचे मैदान, ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने मिळालेली २-१ अशी आघाडी, आणि मग ९० व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमनी याच्या अंगाला लागून झालेला स्वयंगोल, पाठोपाठ भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल, आणि चषक चेन्नईला. २०१९ मध्ये अंतिम सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि बंगळुरूच्या राहुल भेकेने ११७ व्या मिनिटाला तो संपवला. या दोन्ही प्रसंगी दैव गोव्याच्या विरुद्ध उभे राहिले, असे मानण्यास माझी हरकत नाही.

पण दैवाला सगळीच जबाबदारी घेण्याची सक्ती करता येत नाही. २०१९-२० चे वर्ष पाहावे. सर्जियो लोबेरा यांच्या हाताखाली गोव्याने भारतीय फुटबॉलमध्ये क्वचितच दिसणारा असा एक आक्रमक, चेंडू स्वतःजवळ राखणारा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावणारा खेळ उभा केला होता. फेरान कोरोमिनास या स्पॅनिश आघाडीपटूने तीन हंगामांत मिळून ५७ सामन्यांत ४८ गोल करावेत यातच त्या व्यवस्थेचे सामर्थ्य दिसते. संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी, साखळीचे तीन सामने शिल्लक, आणि अशा ऐन मोक्यावर व्यवस्थापनाने लोबेरा यांना बडतर्फ केले. कारणांविषयी पुष्कळ बोलले गेले. क्लिफर्ड मिरांडा यांनी तात्पुरती सूत्रे हाती घेऊन उरलेले तिन्ही सामने जिंकून दिले, त्यांत मुंबईवरील ५-२ हा विजयही होता, आणि गोव्याला साखळीत अव्वल ठरल्याबद्दलची पहिलीवहिली लीग विनर्स शिल्ड व आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब हा मान प्राप्त झाला. मग उपांत्य फेरीत चेन्नईत ४-१ असा पराभव झाला, आणि घरच्या मैदानावर ४-२ असे जिंकूनही एकूण गोलसंख्येत गोवा ५-६ असा मागे पडला. जेथे एका गोलाने निकाल फिरतो तेथे सेनापती कोण होता आणि का नव्हता, हा प्रश्न फिर्यादीने स्वतःलाच विचारावयास हवा.

यानंतर जे घडले ते भारतीय फुटबॉलच्या दफ्तरात अपूर्वच म्हणावे लागेल. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतलेला होता. तिजोरी भरलेली होती. मुंबईने गोव्याने काढलेला प्रशिक्षक घेतला, मध्यरक्षणाचा सूत्रधार अहमद जाहू घेतला, उंचापुरा बचावपटू मोर्तादा फॉल घेतला, मागील हंगामात ११ गोल करणारा ह्यूगो बूमूस करारमुक्तीची रक्कम मोजून घेतला, आणि गोव्याचाच भूमिपुत्र असलेला, पहिल्या हंगामापासून गोव्याच्या जर्सीत वावरलेला मंदार राव देसाई हाही घेतला. साथीच्या काळामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर खेळला गेला, हा योगायोग तर कोण्या नाटककाराला सुचला असता तरी त्याने अतिरेक म्हणून खोडून टाकला असता. मुंबईने ४० गुणांसह शिल्ड जिंकली. उपांत्य फेरीत समोर गोवा आला. पहिला सामना २-२, दुसरा १२० मिनिटांनंतरही गोलशून्य, आणि पेनल्टींवर मुंबई ६-५ अशी सरस. शेवटची निर्णायक पेनल्टी मारली ती रॉलिन बोर्जिसने, आणि तोही गोव्याचाच. मुंबईने गोव्याचा संघ विकत घेऊन गोव्याला हरवले, ही म्हण तेव्हापासून फातोर्ड्यात रूढ झाली.

ही म्हण मला मात्र अर्धसत्य वाटते. खरेदी हेच जर विजयाचे बीज असते, तर २०२१ मध्ये गोव्याचा सर्वाधिक गोल करणारा, त्या हंगामातील गोल्डन बूटचा मानकरी इगोर अँग्युलो मुंबईत आल्यावर मुंबई पाचव्या स्थानावर का घसरली? २०२४ मध्ये गोव्याचा कर्णधार म्हणून नाव काढलेला ब्रँडन फर्नांडिस आला, आणि मुंबई सहाव्या क्रमांकावर राहून बंगळुरूकडून बाद फेरीत ५-० अशी का चिरडली गेली? या दोन्ही उन्हाळ्यांत मुंबईत कोण आले याची चर्चा वर्तमानपत्रांनी उदंड केली. कोण गेले याचा हिशेब कोणी मांडला नाही. २०२१ मध्ये बूमूस गेला, गोलरक्षक अमरिंदर गेला, हंगाम तोंडावर आला असता लोबेराही गेले, आणि बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादला गेला, तेथे त्याने त्या एका हंगामात १८ गोल केले आणि हैदराबाद विजेते झाले. २०२४ मध्ये अपुईया कोलकात्याला गेला. पेरेरा दियाझ, नोगेरा आणि मध्यंतरी मुंबईत आलेला तोच भेके हे तिघेही बंगळुरूला गेले, म्हणजे ज्या संघाने पुढे पाच गोल चढवले त्याचीच शिबंदी मुंबईने स्वहस्ते वाढवली होती.

या संदर्भात मला ज्या खेळाडूविषयी बोलल्यावाचून राहवत नाही तो मणिपूरचा बिपिन सिंह. तो २०१८ मध्ये मुंबईत आला तेव्हा त्याच्या आगमनाने कोणाचे डोळे दिपले नव्हते. डाव्या बाजूने पळणारा, कधी चमकणारा, कधी सामन्यातून अदृश्य होणारा एक विंगर, एवढीच त्याची ओळख. प्रशिक्षक बदलले, मालक बदलले, परदेशी पाहुणे आले आणि गेले, बिपिन राहिला. २०२०-२१ च्या अखेरीस त्याने ओडिशाविरुद्ध हॅटट्रिक केली, आणि १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात, १-१ अशी कोंडी असताना, ९० व्या मिनिटाला चषकाचा गोल केला. लक्षात घ्यावे की, त्या सामन्यातील मुंबईचा पहिला गोल प्रतिपक्षाच्या टिरीने चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला होता (तो टिरीही दोन वर्षांनी मुंबईत दाखल झाला, हे ओघाने आलेच). म्हणजे ज्या संघाविषयी ‘परदेशी मोहरे विकत घेतले’ अशी हाकाटी होती, त्याच्या एकाही परदेशी खेळाडूचा अंतिम सामन्यात गोल नाही. तीन वर्षांनी सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ असे हरवले तेव्हा पेरेरा दियाझ आणि वोयटूश या परदेशीयांनी आपला वाटा उचलला हे खरे. पण संघाला आघाडीवर नेणारा दुसरा गोल पुन्हा बिपिनचाच होता.

आणि त्या अंतिम सामन्याआधीची फातोर्ड्याची ती रात्र, २४ एप्रिल २०२४! गोवा २-० असा पुढे, घड्याळ ९० व्या मिनिटावर. लालियनझुआला छांगते याचा गोल. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंहचा. आणि ९६ व्या मिनिटाला पुन्हा छांगतेचा. गोव्याचा युक्तिवाद असा की, चार दिवसांपूर्वी चेन्नईयिनशी बाद सामना खेळून त्यांचे पाय थकले होते, आणि मुंबई मात्र थेट उपांत्य फेरीत उतरलेली असल्याने ताजीतवानी होती. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु थेट प्रवेश मुंबईने साखळीत दुसरे स्थान मिळवून कमावला होता, म्हणजे ज्या गुणतक्त्याच्या न्यायाचा गोवा एरवी जयजयकार करतो त्याच न्यायाने. शिवाय तिन्ही गोल भारतीयांचे: विक्रम प्रताप २०२० पासून मुंबईत वाढवलेला, छांगते २०२२ च्या जानेवारीत आणून पुढे निगुतीने राखलेला. दुसऱ्या सामन्यात मुंबईने आणखी दोन गोल करून मामला निकालात काढला.

माझे अनुमान असे आहे की, साखळी परदेशी खेळाडू जिंकून देतात आणि बाद फेरी देशी खेळाडू. परदेशी खेळाडूंची संख्या नियमाने मर्यादित असते, त्यांचा दर्जा वरच्या पाच-सहा संघांत उन्नीस-बीसच असतो. पाच-सहा महिन्यांच्या दमछाकीनंतर जेव्हा दोन्ही बाजू एकमेकींना पुरत्या ओळखून चुकलेल्या असतात, तेव्हा फरक पडतो तो सातव्या, आठव्या, बाराव्या, चौदाव्या भारतीय खेळाडूमुळे. गोवा बाद सामन्यांत कच खातो असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यास त्याच्या संग्रहातील चषक समर्थ आहेत: २०१९, मे २०२५ आणि डिसेंबर २०२५ असे तीन सुपर कप, २०२१ चा ड्युरंड कप, या सगळ्यांचा शेवट बाद सामन्यांनीच झालेला. डिसेंबरमधील सुपर कपात तर उपांत्य फेरीत मुंबईलाच २-१ असे हरवून, अंतिम सामन्यात ईस्ट बंगालवर पेनल्टींनी ६-५ असा विजय गोव्याने फातोर्ड्यातच मिळवला. अल्पकालीन स्पर्धेत जो संघ इतका खंबीर, तो दीर्घ हंगामाच्या शेवटी ढिला पडत असेल, तर दोष धैर्यात नसून राखीव खेळाडूंच्या बाकावर शोधला पाहिजे. कोकण-गोव्याच्या मातीत ब्रिसन फर्नांडिससारखे, अल-नस्रविरुद्ध गोल करणारे तरुण निपजत असताना हा बाक उथळ राहावा, याचे आश्चर्य वाटते.

मुंबईलाही आता हा धडा नव्याने गिरवावा लागणार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा सोडून काढता पाय घेतला आणि क्लब रणबीर कपूर व बिमल पारेख या मूळ मालकांकडे परतला. भरलेल्या तिजोरीचा आधार गेल्यावर टिकवून धरण्याची कला अधिकच मोलाची ठरते. पण मुंबईने त्याच्या सहा महिने आधीच बिपिन सिंहला सोडून दिले होते, आणि तो ईस्ट बंगालकडे गेला. दोन चषकांच्या अंतिम सामन्यांत निर्णायक वेळी गोल करणाऱ्या खेळाडूची अशी रवानगी करणाऱ्या कारभाऱ्यांविषयी सौम्य शब्द वापरणे मला कठीण जाते.

राहता राहिला प्रश्न प्ले-ऑफचा. तो कायमचा मोडीत काढावा असे मला वाटत नाही. तेरा सामन्यांची साखळी हा न्यायाचा निकष म्हणून प्ले-ऑफपेक्षा फार श्रेष्ठ आहे असे नाही. कोणाशी घरी खेळायचे आणि कोणाशी बाहेर, हे वेळापत्रकाने ठरवले की त्यातही दैवाचा शिरकाव होतोच. मात्र पूर्वीची पद्धत जशीच्या तशी परत आणणेही इष्ट नाही. जपानमध्ये दुसऱ्या श्रेणीतून बढती देण्यासाठी जे प्ले-ऑफ खेळले जातात, त्यांत बरोबरी झाल्यास पेनल्टींचा जुगार न खेळता गुणतक्त्यात वर असलेला संघ पुढे जातो, हा साधा नियम आपल्याकडे का नसावा? तो असता तर २०१४ मध्ये दुसऱ्या स्थानावरील गोवा, कोलकात्याशी दोन गोलशून्य सामने खेळूनही, पेनल्टींवर बाद न होता अंतिम सामन्यात गेला असता. २०२३ मध्ये शिल्डविजेती मुंबई बंगळुरूकडून ९-८ अशी पेनल्टींवर घरी गेली नसती. आणि २०२१ चा तो गाजलेला निकाल, मुंबई अव्वल आणि गोवा चौथा असल्यामुळे, बदलला नसता. चूक-बरोबर यांची इतकी समसमान वाटणी करणारा नियम दोन्ही गावांच्या कैवाऱ्यांना मान्य होण्यास हरकत नसावी. पुढील हंगामाचे वेळापत्रक ठरवण्यास महासंघ बसेल तेव्हा त्याने प्ले-ऑफ पुन्हा सुरू करावेत, आणि या एका कलमासह करावेत.