‘नाही’ म्हणण्याची मोकळीक

संडे स्कूलमध्ये बायबलची वचनं घडाघडा म्हणणारी मुलं विशीत पोचली की रविवारच्या उपासनेला दिसेनाशी होतात, ही तक्रार युरोप-अमेरिकेतल्या चर्चपुरती राहिलेली नाही. आपल्याकडच्या मंडळ्यांमध्येही ती ऐकू येते. तिच्यावर सुचवला जाणारा उपाय बहुतेकदा एकच असतो: कार्यक्रम आकर्षक करा. मग तरुण संघाच्या बैठकीत गिटार आणि ड्रम येतात, पडद्यावर गाणी येतात, मे महिन्यातल्या शिबिरात खेळांचे तास वाढतात. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. तरुणांनी एकत्र गावं, खेळावं, हे चांगलंच आहे. पण त्यातून ख्रिस्ताचा संदेश त्यांच्यापर्यंत पोचला असं समजणं चुकीचं आहे. तो पोचायचा तर तरुणाला प्रश्न विचारता आला पाहिजे, उत्तर पटलं नाही तर तसं तोंडावर सांगता आलं पाहिजे आणि शेवटी ‘नाही’ म्हणून निघून जाता आलं पाहिजे. ही मोकळीक नसेल तर उरतो तो फक्त सराव, आणि सराव घर सुटलं की सुटतो.

या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार अमेरिकेतून मिळतो. समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 पासून 13 ते 17 वर्षांच्या मुलामुलींच्या धर्मजीवनाचा देशव्यापी अभ्यास केला. तीन हजारांहून अधिक मुलांशी फोनवर बोलणं झालं, 267 जणांना प्रत्यक्ष भेटून सविस्तर मुलाखती घेतल्या, आणि 2005 मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. किशोरवयीन मुलं धर्माविरुद्ध बंड करून उठली आहेत, अशी सर्वसाधारण समजूत होती. अभ्यासात बंड फारसं सापडलं नाही. बहुतेक मुलं आईवडिलांच्याच धर्मात होती आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. फक्त त्या धर्मात काय सांगितलं आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं. चांगलं वागावं, सुखात राहावं, अडचण आली तर देवाला हाक मारावी, एवढ्यावर त्यांचं बोलणं संपायचं. क्रूस, पाप, क्षमा, पुनरुत्थान हे विषय क्वचितच निघत. ही मुलं मुकी नव्हती. व्यसनांचे धोके किंवा गाण्यांचे बँड यांवर ती सफाईने बोलत. श्रद्धेवर मात्र अडखळत, आणि स्मिथ यांनी नोंदवलेलं कारण चटका लावणारं आहे: ‘तुझा कशावर विश्वास आहे?’ असं एखाद्या मोठ्या माणसाने विचारण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ दिसत होती. वर्षानुवर्षं त्यांना सांगितलं गेलं होतं, पण विचारलं कुणी नव्हतं. याच संशोधनात काम केलेल्या केंडा क्रीझी डीन यांनी पुढे 2010 मध्ये आणखी कडवट गोष्ट मांडली: मुलांची श्रद्धा पातळ असेल तर ती त्यांनी मोठ्यांकडूनच उचलली आहे.

याउलट एक उदाहरण फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या तेझे या खेड्याचं. ब्रदर रॉजर हे स्विस तरुण 1940 मध्ये, युद्ध चालू असताना, तिथे आले. निर्वासितांना त्यांनी आसरा दिला आणि पुढे कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही परंपरांतल्या बंधूंचा एक मठ उभा राहिला. तरुणांसाठी केंद्र काढायचं असा मूळ बेत नव्हता. पण साठच्या दशकापासून तरुण इतक्या संख्येने येऊ लागले की 1971 च्या ईस्टरला चर्चची दर्शनी भिंत पाडून पुढे तंबू जोडावा लागला. तिथे काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. दिवसातून तीनदा घंटा होते. पोरं जमिनीवर बसतात. दोन-चार ओळींची गीतं निरनिराळ्या भाषांत पुन्हा पुन्हा गातात. आपल्याकडच्या नामस्मरणाची सवय असलेल्याला हे अजिबात परकं वाटू नये. बायबलमधला छोटा उतारा वाचला जातो, आणि मग कुणीही त्याचा अर्थ सांगायला उभा राहत नाही. कित्येक मिनिटं सगळे गप्प बसतात. सकाळी एखादा बंधू उताऱ्याची ओळख करून देतो, त्यानंतर वेगवेगळ्या देशांतली मुलं लहान गटांत त्यावर बोलतात. भांडी घासणं, संडास साफ करणं हेही त्यांच्याच वाट्याला. रात्रीच्या प्रार्थनेनंतर काही बंधू चर्चमध्येच थांबतात. ज्याला मनातलं बोलायचं आहे त्याने जाऊन बोलावं. मनोरंजनावर भिस्त न ठेवता हे दशकानुदशकं चाललं आहे. तिथून परतलेला प्रत्येक जण ख्रिस्तभक्त होतो असा दावा कुणी करणार नाही. पण तरुणांना शांतता नको असते, अवघड मजकूर झेपत नाही, हे गृहीतक तरी तेझेपुढे टिकत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासही हेच सांगतो. बाबा पदमनजी 1831 साली बेळगावात जन्मले, मिशनच्या शाळांत शिकले आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो 1854 मध्ये. मधली वर्षं शंका, वाचन, वाद आणि चाचपणीची होती. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतही ते होते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ही सगळी घालमेल त्यांनी मांडली आहे. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने बायबल दिलं, पण बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मधल्या काळात पुष्कळ वाचून आणि पत्रांतून प्रश्न विचारून. आणि त्यानंतर त्यांनी ख्रिस्ताला अभंगाच्या आणि भजनाच्या चालीत आणलं, कारण तो त्यांना त्यांच्याच भाषेत उमगला होता. मराठी ख्रिस्ती साहित्याचे हे दोन मोठे खांब उभे राहिले ते शंकेला वेळ मिळाला म्हणून.

इथे चर्चबाहेरच्या वाचकाचा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे: तरुण मन कोवळं असतं, त्याच्यासमोर धर्म मांडणं हाच त्याच्यावर दबाव नाही का? मुंबईने हा प्रश्न फार पूर्वी पाहिला. 1843 मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिला. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून वादळ उठलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका पोराच्या जिवावर दोन्ही बाजूंची मोठी माणसं झुंजत होती आणि त्याला स्वतःला काय वाटतं हा प्रश्न मागेच पडला. माझ्या मते त्या प्रकरणात न्यायालयाचा निर्णय योग्य होता, आणि हे एखाद्या ख्रिस्ती माणसाने मान्य करण्यात काही कमीपणा नाही. सांगणं आणि दबाव यांच्यातली रेषा आज आपली राज्यघटनाही आखते. कलम 25 धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतं. पण कलम 28 नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. स्टॅनिस्लॉस खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. शिबिराचा खर्च, शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा यांची सांगड श्रद्धेशी घातली की सांगणं संपतं आणि सौदा सुरू होतो. आणि दबाव फक्त दुसऱ्या धर्मातल्या मुलावरच येतो असं नाही. ख्रिस्ती घरातल्या मुलावर तो अधिक असतो, कारण तिथे आई-बाबा, आजी, पाळक, सगळी मंडळी एकाच बाजूला असतात.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतला. इतकी मोकळीक दिली तर श्रद्धेचं पाणी होईल, प्रत्येक जण आपापला सोयीचा येशू घडवेल, असं काही ज्येष्ठांना वाटतं. ही भीती मला समजते, पण ती मोकळिकीकडे उगाच बोट दाखवते. अमेरिकेतल्या मुलांनी सोयीचा देव घडवला तो फार प्रश्न विचारल्यामुळे नव्हे, कुणीच न विचारल्यामुळे. उलट शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न करताना दिसतो. पुढे एक श्रीमंत तरुण त्याच्याकडे येतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू असं विचारतो. येशू त्याच्यावर प्रीती करतो असं मार्क मुद्दाम नोंदवतो, आणि मग येशू अट सांगतो ती सर्वांत कठीण: आहे ते विकून गरिबांना दे. तरुण खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, अट सौम्य करत नाही, त्याला अडवतही नाही. तरुणांमध्ये काम करणाऱ्याला हा एक उतारा पुरेसा आहे. संदेश पातळ करायचा नाही आणि माणसाला धरूनही ठेवायचं नाही, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत.

यासाठी लागतात ती बसणारी, ऐकणारी, विश्वासू मोठी माणसं, आणि नेमकी त्यांचीच वाण आहे. 2018 च्या बिशप परिषदेआधी रोममध्ये जमलेल्या सुमारे तीनशे तरुणांनी जो मजकूर तयार केला, त्यात सोबत करणाऱ्या माणसाबद्दल बरंच होतं: तो सर्वगुणसंपन्न नको, चुका करणारा आणि कबूल करणारा हवा. अर्थात मुलांना जवळ बसवणाऱ्या माणसावर लक्षही हवं. तेझेच्या बंधूंनाही 2019 मध्ये आपल्याच काही सदस्यांविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या जुन्या तक्रारी जाहीर कराव्या लागल्या. बंद दाराआडचं मार्गदर्शन नको, आणि तक्रार ऐकायला चर्चबाहेरचाही माणूस हवा. या दोन गोष्टी नसतील तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे.

सुरुवात करायला एक जागा आयती उपलब्ध आहे. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांचं दृढीकरण होतं, तेव्हा आईवडिलांनी त्यांच्या वतीने दिलेली वचनं ती स्वतःच्या तोंडाने देतात. वर्ग ठरलेला, तारीख ठरलेली, नवे कपडे शिवलेले, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली. अशा वेळी सोळा वर्षांची मुलगी ‘माझं अजून ठरत नाही’ असं कसं म्हणणार? म्हणून पाळकाने किंवा धर्मगुरूंनी तारीख ठरण्याच्या कितीतरी आधी प्रत्येकाशी वेगळं, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून बोलावं. थांबायचं असेल तर थांबता येईल हे पालकांच्या देखत सांगावं, आणि जी थांबेल तिला तरुण संघाच्या पुढच्या बैठकीला नेहमीसारखंच बोलवावं.