वीस वर्षं बुलेट चालवली, मग आता नव्याने शिकायचं काय?

गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी सातनंतर कराड–पाटण रस्त्याचं चित्र सगळ्यांना माहीत आहे. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यावर. अशात बुलेटवर साठच्या स्पीडने येणाऱ्या माणसाला ट्रॉली दिसते तेव्हा ती तीस-पस्तीस मीटरवर आलेली असते. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते, म्हणजे हातात उरले फक्त दोन सेकंद.

या दोन सेकंदांत माणूस विचार करत नाही. हाताला आणि पायाला जी सवय आहे तेच होतं. सवय बरोबर असेल तर गाडी थांबते किंवा बाजूने निघून जाते. सवय चुकीची असेल तर वीस वर्षांचा अनुभव तिथे कामाला येत नाही. म्हणून ज्यांना गाडी चांगली येते, त्यांनीच पुढचं प्रशिक्षण घ्यावं, असं या क्षेत्रातले जाणकार सांगतात.

नऊशे अपघातांतून काय निघालं

अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने मोटरसायकलच्या 900 अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. 1981 साली त्याचा अहवाल आला. आजही जगभर मोटरसायकल शिकवणारे त्याचा आधार घेतात. त्यातल्या तीन गोष्टी आपल्याकडेही तंतोतंत लागू पडतात.

पहिली, अपघात टाळायला चालकाला मिळालेला वेळ साधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी होता. दुसरी, अपघातातले 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. तिसरी, बहुतेकांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. गाडी झटकन बाजूला काढण्याचं कौशल्य तर जवळजवळ कुणाकडेच नव्हतं.

आपल्या गावात गाडी कशी शिकतात ते आठवा. वडिलांनी नाहीतर चुलत्याने मळ्याच्या वाटेवर शिकवली. तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागला तेव्हा आठ काढून दाखवला. लायसन्स मिळालं. त्यानंतर आयुष्यात कुणी आपलं गाडी चालवणं तपासलेलं नाही.

"पुढचा ब्रेक मारू नको, पडशील"

हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं आहे. त्याला कारणही होतं. जुन्या गाड्यांना पुढे ड्रम ब्रेक. रस्ता मातीचा. घाबरून पुढचा ब्रेक एकदम आवळला की चाक अडकून माणूस खाली. म्हणून लोकांनी पुढच्या ब्रेकला हात लावायचाच सोडला.

पण डांबरी रस्त्यावर गणित वेगळं आहे. ब्रेक लावला की मागे बसलेला माणूस आपल्या पाठीवर येतो, हा रोजचा अनुभव आहे. तसंच गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला कितीही ब्रेक लावा, ते घसरणार. कोरड्या डांबरीवर साठच्या स्पीडला दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी साधारण वीस मीटरमध्ये थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर चाळीस मीटरच्या आसपास लागतात. हे अंतर ब्रेक लागल्यापासूनचं आहे. लक्षात येऊन हात-पाय हलेपर्यंत जे पंधरा-सतरा मीटर जातात ते वेगळे. ट्रॉली तीस मीटरवर असेल तर पुढचं सांगायला नको.

स्पीड दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. तीसच्या स्पीडला पाच मीटरमध्ये थांबणारी गाडी साठला वीस मीटर घेते.

जुन्या बुलेटवाल्याचा पाय

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. नंतर कंपनीने बाकीच्या गाड्यांसारखं केलं, गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. जुनी गाडी चालवून नवी घेतलेला माणूस रोजच्या चालवण्यात दोन-चार दिवसांत सरावतो. पण कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या जागी जातो. ब्रेक समजून गिअर दाबला जातो.

जितकी वर्षं जास्त, तितकी सवय पक्की. ती बरोबर आहे की चूक, हे रोजच्या ये-जा करण्यात कळत नाही, कारण रोज तसा प्रसंगच येत नाही. आणि ती नुसतं ऐकून किंवा वाचून बदलत नाही. कुणीतरी समोर उभं राहून बघावं लागतं आणि पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं.

लांब आणि जड गाडीची रीत वेगळी

बजाज अ‍ॅव्हेंजर, रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड किंवा मीटिअर अशा गाड्यांना क्रूझर म्हणतात. सीट खाली, गाडी लांब, पाय पुढे. बुलेट त्या अर्थाने पूर्ण क्रूझर नाही, पण वजन आणि चालवणाऱ्याच्या सवयी बऱ्याचशा त्याच. स्प्लेंडर साधारण 112 किलोची, नवी बुलेट 350 जवळपास 195 किलोची. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास, अ‍ॅव्हेंजरचं दीड मीटरच्या जवळ. स्प्लेंडरवर दहा वर्षं काढलेला माणूस बुलेटवर बसला म्हणजे अर्धा नवशिकाच झाला.

वळण: घाटात या गाड्या स्प्लेंडरइतक्या वाकत नाहीत, फूटरेस्ट आधी रस्त्याला घासतो. म्हणून स्पीड वळणाच्या आधीच कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. कुंभार्ली घाट उतरताना डाव्या वळणावर स्पीड जास्त झाला की गाडी बाहेर फेकली जाते, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला. उजव्या वळणावर मधल्या पट्ट्याला चिकटून गाडी वाकवली की चाक आपल्या बाजूला राहतं, पण डोकं पलीकडे जातं.

बाजूला काढणं: चालत्या गाडीचं हँडल सायकल ढकलताना वळवतो तसं वळत नाही. साधारण पंचवीसच्या वर स्पीड असेल तर उजवीकडे जायला उजवा हँडल हलकेच पुढे ढकलायचा, गाडी उजवीकडे झुकते. डावीकडे जायला डावा. प्रत्येक जण हे नकळत करतच असतो. पण खड्डा किंवा म्हैस समोर आली की घाबरून उलटं करतो किंवा काहीच करत नाही. जड गाडी नुसतं अंग झुकवून लवकर वळत नाही, तिला हा धक्का द्यावाच लागतो.

नजर: खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. जायचं तिकडे बघणं ऐकायला सोपं आहे, घाबरल्यावर मात्र सरावाशिवाय जमत नाही.

हळू चालवणं: बुलेट सगळ्यात जास्त पडते ती बाजाराच्या गर्दीत, यू-टर्नला, पेट्रोल पंपावर. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरला की जवळपास दोनशे किलो एका पायावर येतात. तिथे क्लच अर्धा, थोडी रेस आणि मागचा ब्रेक हलका, ही पद्धत आहे. म्हणजे पुढचा ब्रेक नेहमीच चांगला असंही नाही. कुठे कोणता वापरायचा हे शिकावं लागतं.

एबीएस आहे, मग काळजी कशाला?

एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देण्याचं काम ते करतं. पण बऱ्याच गाड्यांना सिंगल चॅनल एबीएस असतं, ते फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक तरीही घसरू शकतं. आपल्या गाडीला कोणतं आहे हे शोरूममध्ये विचारून घ्या. सुट्या खडीवर एबीएसने गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. वळणात झुकलेल्या गाडीला साधं एबीएस सावरेलच असं नाही. आणि पुढचा ब्रेक दाबायचीच ज्याला भीती, त्याला एबीएस असून नसल्यासारखं.

प्रशिक्षणात काय बघायचं

ब्रिटनमध्ये लायसन्स मिळून वर्षं झालेले लोक पोलिसांच्या पद्धतीवर आधारलेली प्रगत परीक्षा देतात. अमेरिकेत 1973 साली स्थापन झालेली मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था नवशिक्यांबरोबरच अनुभवी लोकांचेही वर्ग घेते. आपल्याकडे दुचाकीचे असे वर्ग मोठ्या शहरांत होतात, तालुक्याला क्वचितच. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. तेव्हा ग्रामपंचायत, तरुण मंडळ किंवा साखर कारखान्याने आरटीओकडे अशा प्रात्यक्षिकाची मागणी करायला हरकत नाही. भाषण आणि पत्रकं यापेक्षा मैदानावरचा एक तास जास्त उपयोगी पडेल.

वर्ग निवडताना हे विचारा: आपल्याच गाडीवर शिकवणार का? एकदम ब्रेक, बाजूला काढणं, वळण आणि हळू चालवणं, चारही करून घेणार का? शिकवणारा प्रत्येकाच्या चुका सांगणार का? जिथे नुसती व्हीली आणि स्टंट शिकवतात, तो हा वर्ग नाही.

एक धोकाही आहे. शिकून आलेला माणूस "आता मला काही होत नाही" म्हणून जास्त पळवायला लागला तर शिकणं अंगाशी येतं. चांगला शिकवणारा ब्रेक मारण्याआधी पुढचं ओळखायला शिकवतो: समोर कारखान्याचा फाटा आहे म्हणजे ट्रॉली असणार, म्हशींचा कळप दिसला म्हणजे मागे अजून एखादी राहिलेली असणार, पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येणार, शेतातून ट्रॅक्टर निघालाय म्हणजे पुढे चिखल असणार.

वर्ग मिळेपर्यंत एवढं करा

- मोकळं, कोरडं, कडक मैदान किंवा बंद रस्ता बघा. चालू रस्त्यावर सराव करू नका.
- हेल्मेट, बूट, पूर्ण पँट घाला. सोबत एक माणूस ठेवा. मागे कुणाला बसवू नका.
- गाडी सरळ ठेवून वीसच्या स्पीडला दोन्ही ब्रेक लावा. पुढचा ब्रेक लिंबू पिळल्यासारखा, आधी हलका मग घट्ट. झटका द्यायचा नाही.
- दहा वेळा नीट जमलं की तीस, मग चाळीस. त्यापुढे शिकवणाऱ्याशिवाय जाऊ नका.
- चाक अडकून घसरायला लागलं तर ब्रेक थोडा सोडा, पुन्हा धरा.
- दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. सवय मोडायला वेळ लागतो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातले 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसल्याने गेलेले पन्नास हजारांच्या वर. म्हणून प्रशिक्षण घेतलं तरी हेल्मेट आधी.

दहावी-बारावी झालेली पोरं आता बुलेटची किल्ली मागतायत. त्यांना गाडी शिकवणार वडील, काका नाहीतर थोरला भाऊच. जे वाक्य तीस वर्षांपूर्वी आपल्याला सांगितलं गेलं तेच त्यांनाही सांगितलं जाईल. त्याआधी घरातल्या मोठ्याने एकदा मैदानावर जाऊन स्वतःचा ब्रेक तपासून बघावा.