मक्याचा चोथा आणि पाण्याचें मोल

घाण्यांतून तेल निघालें कीं मागें पेंड राहते. तेल स्वयंपाकघरांत येतें, पेंड म्हशीच्या टोपलींत जाते. आणि शहाणा तेली या दोहोंचा हिशोब मांडल्यावांचून नफा झाला कीं तोटा, हें बोलत नाहीं. अमेरिकेच्या नेब्रास्का, आयोवा इत्यादि मक्याच्या मुलखांत हाच व्यवहार अवाढव्य प्रमाणावर चालतो. तेथें तेलाच्या जागीं पेट्रोलांत मिसळण्याचा मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, आहे. आणि पेंडीच्या जागीं मक्याचा चोथा.

मक्याच्या एका बुशेलाचें, म्हणजे ५६ पौंडांचें, कारखान्यांत काय होतें तें प्रथम पाहिलें पाहिजे. दाणा दळून पाण्यांत शिजवितात व यीस्ट घालून आंबवितात. दाण्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग पिष्टमय असतो. त्याची साखर होते, साखरेचा मद्यार्क होतो, आणि जवळजवळ मद्यार्काइतक्याच वजनाचा कर्बवायु उडून जातो. मागें उरतात सुमारें १७ पौंड. पिष्ट निघून गेल्यामुळें दाण्यांतील प्रथिनें, तंतु व फॉस्फरस यांचें प्रमाण या अवशेषांत सुमारें तिप्पट झालेलें असतें. स्टार्च व साखरेचा पाक करणाऱ्या गिरण्यांतून ‘ग्लूटेन फीड’ नांवाचें निराळें खाद्य निघतें. पण हिशोबाची रीत त्यालाही हीच लागू पडते.

हा चोथा खातो कोण? कुंपण घातलेल्या उघड्या वाड्यांत मांसासाठीं हजारों गुरें पुष्ट करतात. अशा वाड्यास तिकडे ‘फीडलॉट’ म्हणतात. तेथील गुरांचें मुख्य अन्न मका. परंतु रवंथ करणाऱ्या प्राण्याचें पोट मुळांत गवतासाठीं घडलेलें. पिष्ट फार झालें कीं तें पोटांत भराभर आंबतें, आम्ल सांचतें आणि जनावर खाण्यावरून उडतें. चोथ्यांत पिष्ट जवळजवळ नाहीं, पचणारे तंतु मात्र भरपूर. म्हणून तो मक्याच्या जोडीला दिला असतां ही पीडा कमी होते. नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रयोगांत ओला चोथा, कोरड्या वजनाच्या मानानें, मक्याहूनही अधिक पोषक ठरला. चमत्कारिक गोष्ट ही कीं, तोच चोथा वाळविला म्हणजे त्याचें हें श्रेष्ठत्व बरेंच घटतें. ज्याला कारखाना टाकाऊ समजत होता, तें अशा रीतीनें मूळ दाण्याहून सरस निघालें!

मग सर्वांनींच ओला चोथा कां घेऊं नये? येथें पाणी आडवें येतें. ओल्या चोथ्यांत सुमारें दोन-तृतीयांश पाणीच असतें. समजण्यापुरते आंकडे घेऊं. ओला चोथा टनास ६० डॉलर आणि वाळविलेला १८० डॉलर, असा भाव धरला, तर पहिला तिप्पट स्वस्त दिसतो. पण ओल्याच्या टनांत कोरडा भाग ३५ टक्के व वाळविलेल्यांत ९० टक्के धरला, तर कोरड्या टनाची किंमत अनुक्रमें सुमारें १७१ व २०० डॉलर पडते. आतां दोहोंवर टनामागें २० डॉलर वाहतूक चढवावी. ओला २२९ वर जातो, वाळविलेला २२२ वर! भाव पाहून घेणारा येथें फसतो. पाणी वाहून नेण्याचें भाडें त्याच्याच खिशांतून जातें. शिवाय उन्हाळ्यांत उघडा ओला चोथा कांहीं दिवसांतच नासतो.

म्हणूनच वाडा कारखान्याजवळ असेल तरच ओल्या चोथ्याचा सौदा बरा. जवळ गिऱ्हाईक असलें म्हणजे कारखान्यालाही वाळविण्याचा इंधनखर्च वांचतो, आणि त्या बचतीचा वाटा कोणीं किती घ्यावा यावर दोघांची घासाघीस चालते. मका, कारखाना व गुरें यांची एके ठिकाणीं गांठ पडते, हेंच नेब्रास्काचें भाग्य. दूर टेक्सासच्या वाड्यांना हें सुख तितकें नाहीं.

वाडेवाल्यांची तक्रार निराळीच असे. २००५ व २००७ च्या कायद्यांनीं इथेनॉलाचा वापर सक्तीचा केला. २००५ च्या सुमारास दोन डॉलरांच्या आसपास असलेला मक्याचा बुशेल २०१२ च्या अवर्षणांत आठ डॉलरांवर गेला. भाववाढीचें कारण एकटें इथेनॉल नव्हे, पण त्याचा हात होताच. एका हातानें मका महाग केला आणि दुसऱ्या हातानें चोथा दिला, हें त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पुढें चोथ्याची योग्यता सर्वांस कळली व त्याचा भावही मक्यामागें धांवूं लागला.

चोथा फार घातला तर त्यांतील गंधक गुरांच्या मेंदूस बाधतें. पाण्यांतही गंधक असेल तर धोका वाढतो. जादा फॉस्फरस शेणांत उतरतो. खताला तो चांगलाच; पण तें पसरायला जमीन अधिक लागते व गाडीभाडेंही.

सर्वांत मोठी अडचण २०२० च्या एप्रिलांत दिसली. साथीमुळें मोटारी घरीं बसल्या, पेट्रोल खपेना, आणि अमेरिकेचें इथेनॉल-उत्पादन थोड्याच आठवड्यांत जवळजवळ निम्म्यावर आलें. गुरांची भूक मात्र तेवढीच! ज्यांनीं सारी भिस्त चोथ्यावर ठेवली होती, त्यांना ऐन वेळीं मका, पेंड, युरिया यांची जुळवाजुळव करावी लागली.

आपल्याकडेही २०२४-२५ च्या पुरवठा-वर्षांत इथेनॉलाच्या कच्च्या मालांत मका सर्वांत पुढें गेला. मांसासाठींचे असे वाडे येथें नाहींत; वाळविलेला चोथा कोंबड्या व दुभत्या जनावरांच्या खाद्यांत जातो. तेथें त्याची गांठ सोयाबीनच्या पेंडीशी पडते. स्वस्त चोथ्यामुळें पेंडीचा उठाव मंदावला, आणि त्याची झळ विदर्भ-मराठवाड्यांतील सोयाबीनच्या शेतकऱ्याला लागली.